रेंजचा दगड

पहिला ठोसा मी मारला. रणजित पिसाळ रेंजच्या दगडावर उभा होता, मोबाईल धरलेला हात आभाळाकडे, आणि तोंडानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. मी दगडावर चढलो, तो वळला आणि मी त्याच्या नाकावर हाणली. वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. त्याच्या मिशीवरून रक्त खाली उतरलं. ते त्यानं जिभेनं चाटून बघितलं आणि मग मला असा काही धरला, की पुढच्या पाच-सात मिनिटांचा नीट हिशोब मला आजही देता येत नाही.

याला आता दहा वर्षं होतील. मी तेव्हा सत्तावीसचा होतो. पाटण तालुक्यात घोटवाडी म्हणून गाव आहे, तिथं कंत्राटी वायरमन. कंत्राटी म्हणजे खांबावर चढताना वायरमन आणि पगाराच्या वेळी कुणीच नाही. साहेब मला 'ए शिर्के' म्हणायचा, गाव 'वायरमन' म्हणायचं. अवधूत हे नाव घरी आईशिवाय कुणी घेत नसे.

खेळात मात्र मला जिल्हाभर ओळखत. खेळाचं नाव 'ठाणं'. मोबाईलवर नकाशा, नकाशात आपलेच रस्ते, आपलीच गावं. देऊळ, समाधी, बारव, पुतळा असं काही असेल तिथं खेळातलं एक ठाणं. घरबसल्या काही होत नाही. स्वतःच्या पायांनी तिथं जायचं, चाळीस पावलांच्या आत उभं राहायचं, बटण दाबायचं, की ठाणं आपलं. दुसरा आला की त्याचं. पिवळे आणि जांभळे असे दोन पक्ष होते. मी पिवळा, खेळातलं नाव 'फ्यूज'. रणजित जांभळा, त्याचं नाव 'वादळ'. कराडला त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं आणि दुकान भाऊ बघायचा, त्यामुळे याला गावोगाव हिंडायला मोकळीक.

एकच ठाणं सलग दीडशे दिवस ज्याच्याकडून कुणी हिसकावलं नाही, तो किल्लेदार. आमच्या जिल्ह्यात तोवर एकही किल्लेदार झालेला नव्हता. गावातलं ठाणं दिवसातून दहादा इकडून तिकडे जातं. दीडशे दिवस टिकवायचं तर जागाच अशी पाहिजे जिथं माणूस फिरकत नाही. तशी जागा मला माहीत होती.

घोटवाडीच्या वर दीड तास चढून गेलं की कारवंडीचं पठार लागतं. त्यावर धनगरांची नऊ घरं, झोरेवाडा. वाड्यापासून दोन हाकांच्या अंतरावर एक जुनी वीरगळ आहे, कुणाची ते कुणालाच माहीत नाही. तिचा फोटो खेळाच्या लोकांना पाठवून ते ठाणं मीच मंजूर करून घेतलं होतं. सगळ्या पठारावर कुठंही रेंज नाही. फक्त वीरगळीपासून पंचवीस पावलांवर, कड्याच्या अंगाला, म्हशीएवढा एक काळा दगड आहे. त्यावर उभं राहिलं की खाली घोटवाडीचा टॉवर सरळ दिसतो आणि मोबाईलवर दोन कांड्या येतात. दगडावरून उतरलं की शून्य.

झोरेवाड्यानं या दगडाला देवासारखे नियम घातलेले. चप्पल काढून चढायचं. एक जण दगडावर असला की बाकीच्यांनी पलीकडच्या करवंदीच्या जाळीपाशी पाठ करून थांबायचं, कुणाचं बोलणं ऐकायचं नाही, कुणाला घाई करायची नाही. आणि घरात दुखणं असेल त्याला पहिली पाळी. मी दोन-तीन आठवड्यांनी वर जाऊन ठाण्याची ताकद भरायचो, तेव्हा बायामाणसं माझ्याकडे पाठ करून अर्धा अर्धा तास उभी असायची. त्यांना वाटायचं वायरमन ऑफिसशी बोलतोय. मी कधी खुलासा केला नाही.

बिरू झोरे तर चहासुद्धा तिथंच आणून द्यायचा. चाळिशीचा, काटक माणूस, सात म्हशी, आणि बायकोला भलताच घाबरणारा. त्याची बायको ठकू. तिच्या हातात कायम काठी. ती म्हशींसाठी होती की बिरूसाठी, असं मी एकदा विचारलं तर बिरू म्हणाला, "जो वाकडा चालंल त्याच्यासाठी." ठकू हसली नाही. मला वाटतं तिनं ते खरं म्हणूनच ऐकलं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी माझे दीडशे दिवस भरणार होते, दुपारी एक वाजता. सकाळी साडेनऊला पिवळ्यांपैकी एकाचा निरोप आला की वादळ घोटवाडीच्या स्टँडवर उतरलाय आणि कारवंडीची वाट विचारतोय. तो माझ्यापुढे होता, मी धावत गेलो तरी तो आधी पोचणार. वर एकदा त्याला दोन कांड्या मिळाल्या की पाच महिन्यांची मेहनत दोन मिनिटांत गेली.

आणि मग माझ्या डोक्यात आलं, की दोन कांड्या त्याला देणार कोण? टॉवर. टॉवरला लाईन देणार कोण? मी.

टॉवरच्या बॅटऱ्या दिवाळीतच चोरीला गेल्या होत्या, नव्या आल्या नव्हत्या. लाईन गेली की टॉवर तत्काळ मरायचा, हे मी स्वतः दोनदा वर कळवलं होतं. मी टॉवरकडे जाणाऱ्या लाईनच्या खांबापाशी गेलो, स्विचच्या दांड्याचं कुलूप काढलं आणि दांडा खाली ओढला. घड्याळात दहाला पाच कमी. एक वाजला की पुन्हा वर करायचा, तीन तासांचा प्रश्न. लाईन तर वाऱ्यानंही जाते. कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि शीळ घालत पठाराची वाट धरली.

वर जायची मला काही गरज नव्हती. खाली चहा पीत बसलो असतो तरी किल्लेदार झालो असतो. पण मला रणजितचं तोंड बघायचं होतं. ही माझी खोड जुनी आहे, जिंकलेलं मला एकट्याला पचत नाही.

मी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. रणजित दगडावर बूट घालून उभा होता आणि चारी दिशांना मोबाईल फिरवत होता. मी जाळीपाशी टेकलो आणि म्हणालो, "बूट काढ, मग येते रेंज."

तो खुळा नव्हता. माझ्या कमरेची पक्कड बघितली, खाली टॉवरकडे बघितलं. टॉवरवरचा तांबडा दिवा विझलेला होता.

"लाईन तू बंद केलीस," तो म्हणाला.

मी नुसता हसलो. त्यानंतर तो माझ्या आईवर गेला, आणि मी दगडावर.

आम्ही दोघंही मारामारीत अडाणी होतो, म्हणून जास्त लागलं. पहिलवान कुठं थांबायचं ते जाणतो. रणजितनं मला दगडावरून खाली टाकलं आणि वरून उडी घेतली, त्याचा गुडघा माझ्या बरगड्यांत बसला. आतून काहीतरी तडकलं. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला, कातडी सुटेपर्यंत सोडला नाही. त्यानं माझं डोकं केसांना धरून वीरगळीच्या कडेवर आपटलं. डोळ्यात रक्त गेलं आणि मला सगळं तांबडं दिसायला लागलं. मग मी पक्कड काढली. पहिला वार त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा मी डोक्यासाठी उचलला होता, हे मान्य करतो. तो बसला असता तर ही गोष्ट मी तुरुंगातून सांगत असतो.

तेवढ्यात माझ्या हातावर काठी बसली. पक्कड उडाली. दुसरी काठी रणजितच्या पाठीत, तिसरी पुन्हा मला. ठकू होती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत रक्तानं भिजलेलं होतं आणि ते रक्त आमचं नव्हतं.

"दगड सोडा," ती म्हणाली.

आम्ही बाजूला झालो. तेवढ्या घाईतही तिनं पायातल्या वहाणा काढल्या. दगडावर चढली, कमरेच्या पिशवीतून बटणांचा मोबाईल काढला आणि एकशे आठ लावला. कानाला लावून उभी राहिली. मग काढून बघितला, पुन्हा लावला. हात उंच केला, टाचा उंच केल्या. पाच महिने मी याच दगडावरून बटणं दाबत होतो, पण रेंज गेलेल्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मालकांस्नी गव्यानं उडवलंय," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. "मांडीत शिंग गेलंय. पटका बांधलाय, पर रगात थांबंना." मग माझ्याकडे वळली. "वायरमन, लाईन हाय का?"

रणजित माझ्याकडे बघत होता. एका डोळ्यानं, कारण दुसरा मी बंद केला होता. तिथं मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं, याचा मी हजारदा विचार केलाय. एक मिनिटही वाचलं नसतं. पण मी खोटं बोललो ते मिनिटं वाचवायला नव्हे.

"वाऱ्यानं गेली असंल," मी म्हणालो. "मी जाऊन बघतो."

"पळ बाबा," ती म्हणाली. "तुझ्या पाया पडते."

मी पळालो. मागं ठकू रणजितला म्हणत होती की तू माझ्याबरोबर चल, झोळी उचलायला गडी कमी आहेत. नाकातून रक्त गळत असताना तो तिच्यामागे निघाला.

उतरायला मला पाऊण तास लागला. श्वास घेतला की बरगडी आत टोचायची. दोनदा पडलो, एकदा घसरत बाभळीच्या काट्यांत गेलो. वाटेत एकच विचार डोक्यात होता, आणि तो बिरूचा नव्हता. मी मनात मजकूर जुळवत होतो की ऑफिसला काय सांगायचं. खांबाशी पोचलो आणि कुलूप काढलं. दांडा वर केला. टॉवरचा दिवा लागला. मोबाईलवर कांड्या यायला अजून काही मिनिटं गेली. आल्या तसा मीच एकशे आठ लावला. गाडी पाटणहून निघणार होती, रस्ता एक तासाचा. घोटवाडीत एकच जीप, ती गुरुवारच्या बाजाराला गेलेली.

फोन ठेवला आणि हातातच मोबाईल थरथरला. पिवळ्या पट्टीवर अक्षरं आली, 'अभिनंदन, किल्लेदार फ्यूज.' एक वाजला होता.

मला आनंद झाला. क्षणभरच झाला, पण खरंच झाला. कपाळाचं रक्त पडद्यावर ठिबकलं, ते मी बोटानं पुसलं आणि पुन्हा वाचलं. हे मी ठकूलाही कधी सांगितलेलं नाही.

दीडच्या सुमारास चौघांनी बिरूला झोळीतून खाली आणला. वेळूच्या पुढच्या टोकाला रणजित. झोळीची घोंगडी खालून काळी झाली होती आणि धुळीत थेंबांची रेघ पडत होती. रस्त्याच्या कडेला झोळी ठेवली. रणजितनं बसकण मारली आणि मूठ बिरूच्या जांघेत दाबून धरली. ठकू नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला शिव्या देत होती, की गवा दिसला तर झाडावर चढायचं सोडून म्हशी कशाला हाकत बसलास. बिरू एकदा "पाणी" म्हणाला. मग माझ्याकडे बघून "वायरमन पडला का कुटं" असं त्यानं विचारलं. त्यानंतर तो काही बोलला नाही.

गाडी यायच्या आधी वीस मिनिटं तो गेला. रणजितनं तरीही मूठ काढली नाही, ती गाडीतल्या डॉक्टरनं काढली.

गाडी गेल्यावर रणजित टॉवरच्या कुंपणाशी थुंकला. "तू सांग, नाहीतर मी सांगतो," तो म्हणाला. "तेराव्यापर्यंत थांबीन."

मी स्वतःहून सांगायला गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नाही. तेराव्याला मी गेलो तो रणजितच्या धाकानं, आणि गेलो तर तिथं वेगळंच वाढून ठेवलं होतं. जेवणं झाल्यावर वाड्यातल्या म्हाताऱ्यानं मला पुढं बोलावलं. ठकूनं सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर कोरी घोंगडी घातली. डोकं फुटलेलं असताना वायरमन लाईन चालू करायला पळाला, असं म्हातारा म्हणाला. आमच्या मारामारीचं कुणी विचारलंही नाही, गड्यांची काहीतरी भांडणं असतात. बायांनी पदर डोळ्यांना लावले. ती घोंगडी खांद्यावर घेऊन, न सांगताच मी खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेलो. ठकू म्हशी घेऊन वीरगळीपाशी होती. घोंगडी तिच्यापुढे घडी करून ठेवली आणि सांगितलं. स्विच मी ओढला, वाऱ्यानं नाही.

"कशापायी?" तिनं विचारलं.

मी खेळ सांगायला लागलो. ठाणं, पिवळे, जांभळे, दीडशे दिवस. बोलता बोलता ते मलाच कळेनासं झालं. मी वीरगळीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो की हे माझं होतं, ते तो घ्यायला आला होता.

"ह्यो धोंडा?" ती म्हणाली.

"मोबाईलमधला."

मग तिनं मला मारलं. पहिला फटका खांद्यावर बसला आणि गळपट्टीचं हाड मोडलं, ते अजून वर आलेलं आहे, शर्टातून दिसतं. मी खाली बसलो. पाठीवर, दंडावर, मांडीवर, ती मारत राहिली, म्हशीला मारतात तशी नाही, धान्य झोडपतात तशी. मी हात वर केला नाही. काठी मोडली तेव्हा उरलेल्या तुकड्यानं मारलं. मग तोही टाकला आणि दगडाला पाठ लावून बसली. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

"कुणाला सांगू नगंस," ती शेवटी म्हणाली. मी मान वर केली. "गाव तुला फाडंल. मग हितं दुसरा वायरमन कोन येनार? पाऊसकाळात ह्या डोंगरात कोन चडनार?" तिनं नाक पुसलं. "तू हितंच ऱ्हायाचं. बदली घ्यायची न्हाई. ह्या दगडाची रेंज गेली तर तुझ्या दारात यीन मी."

घोंगडीही तिनं परत घेतली नाही. म्हणाली, दिलेली माघारी घेत नाहीत, पांघर आणि झोप लागते का बघ.

रणजितला मी एवढंच कळवलं की सांगितलं. वादळ त्यानंतर नकाशावर कधी दिसला नाही. फ्यूजही नाही. वीरगळीचं ठाणं कुणाकडे गेलं ते मला माहीत नाही.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला माझा मोबाईल वाजला. ठकूचा नंबर. उचलायच्या आत बंद झाला. मला कळलं. दगडावर चढून ती बघत होती, लाईन आहे का. पुढच्या रविवारी पुन्हा, अकरालाच, एक रिंग. मग ते ठरूनच गेलं. मी कधी उचलला नाही, तिनं कधी दुसरी रिंग दिली नाही. मी पर्मनंट झालो, लग्न झालं, कराडला बदली आणि बढती दोन्ही आली. मी नको म्हणालो. बायको अजून विचारते की या डोंगरात तुमचं काय पुरलंय. टॉवरच्या बॅटऱ्यांसाठी मी एवढे अर्ज केले की साहेब मला 'बॅटरी' म्हणायला लागला. आल्या एकदाच्या. दर महिन्याला मी त्या स्वतः तपासतो.

गेल्या श्रावणात ठकू वारली. झोपेत गेली म्हणतात. मी मातीला गेलो, खांदा दिला, त्याच मोडलेल्या हाडावर. उतरताना मनात आलं ते सांगतो, कारण इतकं सांगितलंय तर हेही सांगायला हवं. मला वाटलं, सुटलो. त्याच रात्री बायकोला म्हणालो की कराडची जागा अजून रिकामी असेल तर अर्ज टाकून बघू. तिनं मुलांच्या शाळेची चौकशीसुद्धा केली.

रविवारी मी अर्ज लिहायला बसलो होतो. अकराला मोबाईल वाजला, एक रिंग, आणि बंद. पडद्यावर ठकूचं नाव.

दहा वर्षांत पहिल्यांदा मी उलट फोन लावला. तिच्या सुनेनं उचलला, सुलीनं. दगडावर चढून उभी होती, वारा ऐकू येत होता.

"कुणाला लावला होतास गं?" मी विचारलं.

"तुमास्नीच की, वायरमन," ती म्हणाली. "आत्तीबाईंनी सांगून ठेवलंय, दर ऐतवारी अकराला येक मिस कॉल द्यायचा. का ते न्हाई सांगितलं. लाईन हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो, आणि अर्जाचा कागद घडी करून खिशात घातला.